तारेजवळची मानाची जागा

तलवाडा. सोमवार, १४ नोव्हेंबर १९३८. सकाळ.

आजपासून रोजनिशीत निजामी फसली तारीख घालायची नाही. दै महिन्याची कितवी, हे मुंबईत कुणी विचारत नाही. आणि यापुढे माझा संबंध मुंबईशीच येणार.

हकीकत अशी. मोहनराव देशमुखांनी रेडिओ आणला. मोहनराव म्हणजे आमच्या गावचे मोठे जमीनदार. मी त्यांच्याकडे अकरा वर्षं कारकून. रेडिओ जालन्यापर्यंत रेल्वेनं आला आणि तिथून बैलगाडीत कडब्यावर बसून आला. कपड्याच्या पेटीएवढा आहे. त्याला बॅटरी लागते आणि दोन तारा. एक तार वर बांबूला बांधली आहे. दुसरी जमिनीत जायला हवी, म्हणून मोहनरावांचा गडी सटवा यानं ढेलजेतल्या भुईत एक खिळा ठोकून त्याला ती गुंडाळली. ढेलज म्हणजे मोहनरावांच्या घराची पुढची बसायची जागा. तिथे सगळ्या गावाला मोकळीक आहे.

उद्यापासून मुंबईचे क्रिकेटचे सामने सुरू होतात. एक साहेब मैदानावर बसून सगळा खेळ तोंडानं सांगतात, इंग्रजीत. तलवाड्यात इंग्रजी जाणणारा माणूस एकच. बीडला माझं इंग्रजी तिसरीपर्यंत झालं आहे. चौथी राहिली, त्यात माझा दोष नव्हता.

मोहनराव म्हणाले, साहेब बोलले की तुमी तर्जुमा करून सांगा. मी म्हटलं, बघतो, वेळ काढतो.

संकल्प: १) रोज मिठाच्या पाण्यानं गुळण्या. २) हिरवी मिरची बंद. ३) घरात इंग्रजी बोलायचं, सवय राहते. ४) क्रिकेटची माहिती काढणे.

दुपार.

मिरचीचा ठेचा केला होता. उद्यापासून बंद.

मंगळवार, १५ नोव्हेंबर. संध्याकाळ.

यश. संपूर्ण यश.

ढेलज भरली. कापूस निघण्याचे दिवस, म्हणून बायका बोंडांच्या पाट्या घेऊनच आल्या. साहेबांचं नाव रेडिओत एकदा सांगितलं, पण नेमकी तेव्हाच खरखर झाली. त्यामुळे गाव नुसतं साहेब म्हणतं.

सुरुवातीला खरखरच फार. जणू कुणी तव्यावर वाळू भाजतंय. इतक्यात खिळ्यावरची तार निसटून माझ्या पायाशी आली. मी ती उचलून हातात धरली आणि त्याच क्षणी साहेबांचा आवाज स्वच्छ आला. योगायोग. पण मोहनरावांनी ताबडतोब माझ्यासाठी पाट मागवला, रेडिओला अगदी लागून मांडला आणि हात जोडून म्हणाले, उत्तरेश्वरराव, आता हितनं हलू नका.

अकरा वर्षांत मोहनरावांनी मला हात जोडले नव्हते. मी तार हातातच ठेवली. आसनाबरोबर काहीतरी हातात असलेलं शोभतं.

सामना पारशी आणि गोरे यांच्यात. मी विचारलं, गाव कुणाच्या बाजूनं? सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग आश्रुबा म्हणाला, आमी साहेबाच्या बाजूनं. आश्रुबा हा आमच्याकडे देवीच्या जत्रेत कुस्त्या पुकारतो. तीस वर्षं पुकारतो आहे. अक्षरशत्रू.

तर्जुम्याचा एक नमुना नोंदवून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. साहेब ओरडले, क्लीन बोल्ड! मी तात्काळ सांगितलं: गडी स्वच्छ बोलला. खेळताना बोलायला मनाई दिसते, म्हणून पंचानं त्याला बाहेर काढला. लोक थक्क. आश्रुबा तेवढा म्हणाला की गडी चीत झाला. कुस्तीच्या पलीकडे डोकं जात नाही.

मधेच पाणी प्यायला उठलो तर पन्नास तोंडांनी एकदम ‘बसा! बसा!’ माझ्यावाचून त्यांना एक घटका करमत नाही. तहानलेलाच बसलो.

बुधवार, १६ नोव्हेंबर. संध्याकाळ.

आज गावानं माझी पाद्यपूजा केली. अतिशयोक्ती नाही. सटवानं आधी माझ्या वहाणा काढायला लावल्या, मग पायाखाली भिजवलेलं गोणपाट घातलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. मी म्हटलं, सटवा, कशाला एवढं? तो म्हणाला, मालकांनी सांगितलंय, पाय वाळू द्यायचे न्हाईत.

पाय वाळू द्यायचे नाहीत! काय भावना आहे.

आजची महत्त्वाची गोष्ट. साहेब सारखे ‘शॉर्ट लेग’ म्हणत होते. शॉर्ट म्हणजे आखूड, लेग म्हणजे पाय. मी सांगितलं: मैदानात एक लंगडा गडी आहे आणि त्याला फळी मारणाऱ्याच्या अगदी पुढ्यात उभा केला आहे.

बोंडं सोलणारे हात थांबले. केशरबाई म्हणाल्या, अगं बया, इतक्या जवळ कावून उभा केला लेकराला? चेंडू लागंल की. केशरबाई म्हणजे आमच्या शेजारच्या. हाडं बसवतात, तेल देतात, त्यामुळे पायाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. मी खुलासा केला की त्याला पळता येत नाही, म्हणून पळायला लागणार नाही अशा जागी ठेवलाय. थोड्या वेळानं साहेब ‘लाँग लेग’ म्हणाले. मी सांगितलं, एक लांब पायाचाही आहे, त्याला लांब उभा केलाय. सगळ्यांना पटलं. तर्जुमा असा एकमेकाला धरून असावा लागतो.

तेव्हापासून ‘शॉर्ट लेग’ हे शब्द आले की सगळी ढेलज चुकचुकते.

गुरुवार, १७ नोव्हेंबर.

आज सामना नाही. घरी सराव. सावित्रीबाई (आमची मंडळी) स्वयंपाक करत होती, त्यावर चालू ठेवलं: ‘सावित्रीबाई चुलीच्या टोकाकडून येताहेत. भाकरी उचलली. थापली. तव्यावर टाकली. उलटली! वा!’ सतरा भाकऱ्या सांगितल्या. अठराव्या भाकरीला ही म्हणाली, तुमी ढेलजेतच जावा, तिकडं लोकं तुमाला काहीतरी हातात धरायला देतेत, तवा तरी बरे असता.

हिला साहित्याची आवड नाही.

संकल्प क्र. ३ (घरात इंग्रजी) तूर्त स्थगित. हिनं दोन दिवस उत्तरच दिलं नाही.

शनिवार, १९ नोव्हेंबर. संध्याकाळ.

साहेब खोकले.

चार वेळा खोकले आणि गावाचा जीव टांगणीला लागला. केशरबाईंनी ओव्याचा काढा करायला घेतला. आपला आवाज इकडून तिकडे जात नाही, तर काढा कसा जाईल, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, पाठवायचा न्हाई, पर केल्याशिवाय बरं वाटत न्हाई. आश्रुबानं देवीला नारळ बोलला. जेवणाच्या सुट्टीत साहेब जेवायला गेले, तेव्हा कुठे लोकांनी आपापल्या भाकऱ्या सोडल्या. साहेबांच्या आधी कुणी घास घेत नाही, हा आता इथला रिवाजच झाला आहे.

मलाही आज खोकला आहे. कुणाच्या लक्षात आलं नाही. सटवा एवढंच म्हणाला, खोकताना तार हलवू नका.

आणखी एक. केशरबाईंनी उजव्या कानात कापूस घातला होता. मी त्यांच्या उजव्या हाताला बसतो. थंडी पडू लागली आहे.

रविवार, २० नोव्हेंबर. दुपार.

मोठं पाऊल उचललं. मुंबईच्या रेडिओ कचेरीत दरखास्त केली, इंग्रजीत, स्वतःच्या बळावर. मजकूर थोडक्यात: आपल्या साहेबांची तारीफ करावी तेवढी थोडी, परंतु मराठी मुलखाला समजेल असा एक मराठी साहेब आपल्या पदरी असावा, खाली सही करणारा तलवाड्यात ते काम यशस्वीपणे करतो आहे, जनता इतकी खूष आहे की पाय धुते.

केशरबाईंना कळलं की मुंबईला पत्र जातंय. त्यांनी गुडघ्याच्या तेलाची बाटली आणून दिली, लंगड्या पोराला द्या म्हणून. आज्ञा अशी: रोज चोळायचं, खालून वर, आणि गार पाण्यात पाय घालायचा नाही. मी तेही पत्रात घातलं. बाटली चिंध्यांत गुंडाळून पार्सल केली. मग आश्रुबा आला आणि म्हणाला, साहेबाला इचारा की मधी मधी गप कावून बसता, आमचा जीव जातो. मी म्हटलं, ते इंग्रजीत मांडता येणार नाही.

खरं म्हणजे त्याचं इंग्रजी मला आलं नाही. पण दरखास्तीत फालतू मजकूर असू नये हेही खरं.

मंगळवार, २२ नोव्हेंबर. संध्याकाळ.

अडाणी माणसांशी वाद घालू नये असा संकल्प.

साहेब म्हणाले, ‘मेडन ओव्हर.’ मेडन म्हणजे मैदान, ओव्हर म्हणजे संपलं. मी जाहीर केलं: मैदान संपलं, आज खेळ बंद! आणि तार ठेवून उठलो. लगेच खरखर. सगळे ओरडले. सटवानं मला खांदे धरून पाटावर बसवलं. आश्रुबा म्हणाला, खेळ चालूच हाय, गडी नुसता दम धरून हाय, ह्या खेपेला कुणी कुणाला धरलं न्हाई. आणि खरोखर साहेब पुढे तासभर बोलत राहिले.

मी आश्रुबाला विचारलं, तुला इंग्रजीचं अक्षर येत नाही, तू कशावरून सांगतोस? तो म्हणाला, आवाजावरून. आवाज खाली गेला म्हंजे गडी डाव शोधतोय. आवाज चढला म्हंजे डाव टाकला. तुटला म्हंजे गडी गेला. आन् साहेब हसला म्हंजे आपन बी हसायचं. मी बी जत्रंत तेच करतो.

मला त्याची कीव आली. खेळ कळला, पण शब्दार्थाला मुकला.

‘अपील’ शब्द मात्र मी बिनचूक सांगितला. ज्यांचे ज्यांचे गेवराईला दावे चालू आहेत, ते सगळे सरसावून बसले. अपील खारिज झालं तेव्हा चौघांनी मुन्सफाला शिव्या दिल्या.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर.

डिक्शनरी मिळाली! मोहनरावांच्या थोरल्या भावाची, वाळवीनं खाल्लेली, पण ‘एस’पर्यंत शाबूत. बोल्ड म्हणजे धीट. म्हणजे पहिल्या दिवशीचा गडी बोलला म्हणून नव्हे, धीट होता म्हणून त्याला बाहेर काढला. आपल्याकडच्या सरकारी रीतीशी हे अधिक जुळतं. उद्या दुरुस्ती जाहीर करणे.

शनिवार, २६ नोव्हेंबर. संध्याकाळ.

दुरुस्ती जाहीर केली नाही. कारण लिहायलाही हात जड होतो आहे.

साहेबांचा आवाज हळूहळू खाली जात होता. सगळे पुढे झुकले होते. अशा वेळी श्रोत्यांना आधार हवा म्हणून मी सांगू लागलो की गडी क्रमांक चार यानं आता विचार केलेला आहे. तेव्हा केशरबाई म्हणाल्या: उत्तरेश्वरराव, जरा गप बसा की, साहेब काय म्हनतेत ते ऐकू येऊ द्या.

साहेब काय म्हणतात ते! अहो, ते सांगायलाच तर मी बसलो आहे.

मी मोहनरावांकडे पाहिलं. ते माझी बाजू घेतील असं वाटलं. ते म्हणाले, खरं हाय, पर तार सोडू नका.

बाकीचा दिवस मुका राहिलो. शिक्षा म्हणून. ढेलजेत इतकी शांतता, इतका आनंद मी पाहिला नव्हता. साहेब हसले की सगळे हसत होते. हा त्यांचा अपराधीपणा झाकण्याचा प्रयत्न असावा.

सोमवार, २८ नोव्हेंबर. दुपार.

मुंबईचं उत्तर आलं! टाइप केलेलं. डिक्शनरी घेऊन दोन तास बसलो. सार असं:

एक. आपली दरखास्त फाइल करण्यात आली आहे. (म्हणजे मंजुरीच्या वाटेवर. फाइलशिवाय मंजुरी कशी?) दोन. सध्या जागा रिकामी नाही. (सध्या.) तीन. साहेबांच्या वतीनं तलवाड्याच्या लोकांचे आभार. साहेबांना तुमच्या गावाबद्दल सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले आणि मग तलवाडा कुठे आहे ते विचारू लागले. चार. तेल पोचलं. कचेरीच्या दरवानाच्या गुडघ्याला गुण आहे. पाच. शॉर्ट लेग हा माणूस नसून मैदानातल्या एका जागेचं नाव आहे. तिथे कोणीही उभा राहतो. त्याचे दोन्ही पाय सर्वसाधारणपणे ठीक असतात.

पाचव्या कलमाचा विचार करतो आहे. पत्र लिहिणारा कारकून आहे. कारकुनांना खेळातलं काय कळतं!

तरीपण.

चार वाजता.

पत्र गावात वाचून दाखवावं का? तिसरं कलम दाखवता येईल. पण लोक विचारतील, लंगड्या पोराचं काय. तेलाचं काय. केशरबाई तर रोज विचारतात.

पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

मंगळवार, २९ नोव्हेंबर.

विचारपूर्वक राजीनामा दिला. मोहनरावांच्या हातात लेखी. उद्या शेवटच्या सामन्याचा शेवटचा दिवस, म्हणजे राजीनाम्याला वजन येतं. परत यायच्या अटी: तर्जुमा चालू असताना कुणी बोलायचं नाही, कानात कापूस घालायचा नाही, आश्रुबानं मागच्या ओळीत बसायचं.

मोहनरावांनी कागद वाचला आणि विचारलं, म्हंजे उद्या तार धरायला तुमी न्हाई? मी म्हटलं, तार ही गौण बाब आहे. ते म्हणाले, बरं. आणि सटवाला हाक मारली. सटवा कालच जालन्याहून बॅटरी भरून आला आहे. दोघं बराच वेळ कुजबुजत होते. उद्या मला आणायला किती माणसं पाठवायची, याची चर्चा असणार.

बुधवार, ३० नोव्हेंबर. सकाळी ८.

स्वच्छ धोतर नेसलो. माणसं आली की लगेच हो म्हणायचं नाही. दोनदा नाही, मग हो.

९.३०.

कुणी नाही. पहिल्यांदा यायला संकोच वाटत असेल.

सावित्रीबाई बोंडांची पाटी घेऊन निघाली. कुठे? म्हणाली, ढेलजेत, आज शेवटचा दिवस हाय, साहेबाला ऐकून येते. तुमची भाकरी झाकून ठिवलीय. मी म्हटलं, आज तिथे खरखरीशिवाय काही ऐकू येणार नाही. ही गेली.

१०.१५.

खेळ सुरू झाला असणार. बिचारे खरखर ऐकत बसले असतील. दया येते. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

१०.४०.

साहेबांचा आवाज येतो आहे. इथपर्यंत. माझ्या घरात. इतका स्वच्छ कधीच आला नव्हता. मी दार लावलं तरी येतो आहे.

कपाटाची किल्ली मोहनरावांना द्यायची राहिली आहे. ती देऊन लगेच परत येतो.

संध्याकाळ.

सगळं क्रमानं लिहितो. क्रम चुकला तर मला माझंच पटणार नाही.

ढेलजेत शिरलो. माझी जागा रिकामी नव्हती. जिथे माझा पाट असायचा तिथे भुईत एक लोखंडी पहार ठोकली होती, चांगली कंबरभर उंच. पहारीला तार गुंडाळलेली. बुडाशी माझं गोणपाट. त्यावर सटवा तांब्यानं पाणी ओतत होता, अगदी तसंच, जसं माझ्या पायांवर ओतायचा.

सटवा म्हणाला, जालन्याच्या बॅटरीवाल्यानं सांगितलं, तारेला खोल अन् वल्ली जमीन लागती, खिळ्यानं भागत न्हाई. तवर तुमी होताच, म्हनून कामं चालत हुती.

मी पहारीकडे बघत उभा राहिलो. पंधरा दिवस गावानं ज्याला हात जोडले, ज्याच्या पायांवर पाणी ओतलं, ज्याला हलू नका म्हटलं, तो मी नव्हतो. जमीन होती. मी मधे आलो होतो, एवढंच. मला फार वाईट वाटलं. इथे दुसरं काही लिहीत नाही, कारण दुसरं काही वाटलं नाही.

परत फिरणार होतो. पण साहेबांचा आवाज खाली गेला. मी पंधरा दिवस त्यांच्या शेजारी बसलो, पण त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं. माझंच बोलणं सारखं चालू असायचं. आवाज खाली खाली गेला आणि थांबला. गप्प. आश्रुबाचे डोळे मिटलेले आणि हात मांडीवर, जत्रेत कुस्ती अडते तेव्हा ठेवतो तसा. मला इंग्रजीचा एकही शब्द लागत नव्हता, पण मला कळत होतं. कुणी तरी डाव शोधत होता.

आणि साहेब फुटले. ‘शॉर्ट लेग! शॉर्ट लेग! शॉर्ट लेग!’

हे दोन शब्द सगळ्या तलवाड्याला येतात. मीच शिकवले आहेत. ढेलज उभी राहिली. बोंडांच्या पाट्या उपड्या झाल्या. आश्रुबानं पटका काढून छपराला भिडवला. मोहनराव सटवाला मिठी मारत होते आणि दोघं गोणपाटावर घसरून पडता पडता राहिले. केशरबाई गर्दीतून माझ्याकडे आल्या. कानात कापूस नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझा हात धरून म्हणाल्या, लंगड्यानं धरला न्हवं चेंडू? उत्तरेश्वरराव, तुमी सांगा. त्यानंच धरला न्हवं? तेल पोचलं हुतं न्हवं?

सगळे माझ्याकडे बघू लागले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा सगळे माझं बोलणं ऐकायला गप्प झाले होते.

पत्र खिशात होतं. कलम पाच तोंडपाठ होतं. ते एका जागेचं नाव आहे, तिथे कोणीही उभा राहतो, हे इतक्या शुद्ध मराठीत सांगता आलं असतं की तेवढा एक तर्जुमा तरी अचूक झाला असता.

मी म्हटलं, होय.

मग पुन्हा आरडाओरडा. कुणी तरी माझ्या पाठीवर थाप मारली. साहेब अजून बोलत होते, बहुधा तेही खूष होते. त्यांना माहीत नसेल की इथे त्यांच्या एका जागेचं नाव घेऊन केवढी माणसं रडत आहेत. मला माहीत आहे. मीही रडत होतो. धूर नव्हता, धूळ नव्हती, तेव्हा दुसरं कारण लिहिता येत नाही.

घरी आलो तर ही भाकरी वाढताना म्हणाली, आज लई चांगलं सांगितलंत.

मी एकच शब्द बोललो होतो.

गुरुवार, १ डिसेंबर. सकाळ.

राजीनामा परत घेतला. मोहनरावांना तो कुठे ठेवला ते आठवत नव्हतं; शेवटी बॅटरीखाली घडी करून घातलेला सापडला. बॅटरी डुगडुगत होती म्हणे.

पुढच्या महिन्यात आणखी सामने आहेत. माझ्याकडे नवीन कामगिरी दिली आहे. पहारीचं बूड सुकलं की आवाज जातो, म्हणून दर अर्ध्या तासाला एक तांब्या ओतायचा. सटवाला कापसाची कामं आहेत. त्याला एवढं जमणार नाही. ओतताना बोलायचं नाही अशी अट आहे. मान्य केली.

मुंबईच्या फाइलचं अजून काही कळलेलं नाही. केशरबाईंनी तेलाची दुसरी बाटली दिली आहे. ती दरवानाला पाठवतो.

संकल्प: १) तांब्या स्वतःचा न्यायचा. २) मिरची बंद करण्याचं आता कारण उरलेलं नाही.